हद्दीच्या दगडापलीकडे

“‘नो ट्रेस’ लिहा, मॅडम. शोध थांबवला असं लिहा आणि खाली सही करा.”

रेंजर साहेबांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. गुरुवारची सकाळ होती. खजुरीच्या कमळाबाई रविवारी दुपारी आमच्या जंगलात हरवल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस आम्ही शोधलं. पोलीस आले, कुत्रं आलं, ड्रोन आला. चप्पलसुद्धा सापडली नाही.

मी पेनचं टोपण काढलं नाही. म्हणाले, “सर, आजचा दिवस द्या.”

“आज काय वेगळं करणार?”

“ते अजून माहीत नाही,” मी म्हणाले. साहेबांनी फाईल थोडी मागे ओढली. माणूस वाईट नव्हता. धारवाडकडचा, नियमाने चालणारा. वरून रोज फोन येत होते. “संध्याकाळपर्यंत,” ते म्हणाले.

मी कर्नाटकच्या वनखात्यात डेप्युटी रेंजर आहे. गाव राजेश्वर, बसवकल्याण तालुका. रेंज म्हणजे जंगलाचा मोठा भाग, त्याचा प्रमुख रेंजर. त्याच्या हाताखाली आम्ही. आमच्या हाताखाली गार्ड. प्रत्येक गार्डला जंगलाचा एक तुकडा वाटून दिलेला असतो, त्याला बीट म्हणतात. आमचं अभयारण्य कलबुर्गी जिल्ह्याच्या टोकाला आहे. त्याची पूर्वेची कड तेलंगणाला लागते.

या जंगलात माणसं गायब होतात अशी बोलवा दोन वर्षांपासून होती. पहिले गेले ते मन्नाएखेळ्ळीचे गुरुपादअप्पा, हायवेवर त्यांचं चहाचं हॉटेल. मग बिदरचा एक तिशीतला फोटोग्राफर. दोघांचाही काही पत्ता लागला नाही. मोबाईलवर व्हिडिओ फिरायचे, ‘माणसं गिळणारं जंगल’ म्हणून. कोणी बिबट्याचं नाव घ्यायचं, कोणी भुताचं. बिबट्याने माणूस मारला तर काहीतरी मागे राहतं. कपडा राहतो, केस राहतात, गिधाडं दिसतात. इथे काहीच राहत नव्हतं. ते मला खटकायचं. पण त्या दोन फायलींवर ‘नो ट्रेस’ लिहून खाली सही केली होती ती मीच. तिसऱ्यांदा हात उचलत नव्हता.

कमळाबाई हरवल्या कशा, ते सांगते. खजुरीहून एका कुटुंबाच्या दोन गाड्या देवदर्शनाला आल्या होत्या. येता येता जंगलातल्या वॉच टॉवरपाशी थांबल्या. टॉवर डोंगराच्या धारेवर आहे. तिथून धरण दिसतं. सगळ्यांनी फोटो काढले, जेवले आणि निघाले. पुढच्या गाडीला वाटलं, आई मागच्या गाडीत आहे. मागच्या गाडीला वाटलं, पुढच्या. चिंचोळीत चहाला उतरल्यावर कळलं. परत यायला दोन तास गेले.

मुलगा महादेव, शेतकरी, पंचेचाळिशीचा. तीन दिवस तो आमच्याबरोबर चालत होता. दाढी वाढलेली, पाय सोललेले. एकच वाक्य सारखं म्हणायचा, “गाडी हालवायच्या आधी म्या मोजायला पायजे हुतं.”

माणूस शोधायची आमची एक पद्धत असते. शेवटचं जिथे दिसलं ती जागा पकडायची. तिला पॉईंट लास्ट सीन म्हणतात. तिथून लाईन काढायची, म्हणजे माणसं हाताच्या अंतरावर उभी करून एका ओळीत पुढे सरकायचं. वाट चुकलेला माणूस सहसा उताराला लागतो. पाण्याकडे जातो, माणसांच्या आवाजाकडे जातो. टॉवरखाली धरण होतं, गर्दी होती, लाऊडस्पीकर होता. म्हणून आम्ही तिन्ही दिवस धरणाची बाजू पिंजून काढली.

गुरुवारी ऑफिसातून निघाले ती सरळ टॉवरवर गेले. बरोबर महादेव आणि वॉचर सोमलाअण्णा. वॉचर म्हणजे रोजंदारीवरचा राखणदार. सोमलाअण्णा लमाणी तांड्यावरचा, साठीला आलेला. जंगल त्याच्या पायात आहे. कन्नड, दख्खनी उर्दू, मराठी, तेलुगू, सगळं थोडं थोडं बोलतो, आणि सगळं लमाणी चालीत.

टॉवरच्या पायरीवर बसून मी महादेवला म्हणाले, “आईबद्दल सगळं सांगा. आधी सांगितलं ते सोडून.”

“आता काय ऱ्हायलंय, मॅडम?”

“धरण बघून त्यांना आनंद झाला का?”

तो चक्रावला. “धरण? आईनं बघितलंच न्हाई तिकडं. तिला गुडघ्यांनी वर चढता येत न्हाई. ती खालीच बसली हुती.”

“लाऊडस्पीकर लागला होता. गाणी चालू होती.”

“तिला कमी ऐकू येतंय. उजवा कान तर गेल्यातच जमा हाय. डाव्या बाजूनं वरडून बोलावं लागतंय.”

हे रिपोर्टमध्ये होतं. ‘हार्ड ऑफ हियरिंग’ असं मी स्वतः लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता. ज्या बाईने धरण पाहिलं नाही आणि जिला लाऊडस्पीकर ऐकू आला नाही, ती धरणाकडे का जाईल? तीन दिवस आम्ही एका धडधाकट कानाच्या माणसाला शोधत होतो.

“मग कशाला उठल्या असतील?”

महादेवने आजूबाजूला बघितलं. टॉवरच्या मागे सीताफळाची झाडं होती. आश्विन लागला होता, फळं डोळे उघडायला लागली होती. “सीताफळ,” तो म्हणाला. “आई सीताफळ सोडत न्हाई.”

मागच्या झाडांतून गुरांची एक पायवाट जाते. धारेवरची वाट फसवी असते. वीस पावलं टाकली की धार ओलांडली जाते आणि ते कळतही नाही. अलीकडचं पाणी आमच्या धरणाला येतं, पलीकडचं तेलंगणाकडे वाहतं. दोन्हीकडे तीच लाल माती, तीच झुडपं. फळं काढत पुढे गेलेला माणूस परत फिरतो आणि उताराला लागतो. उतार बरोबर असतो, बाजू चुकलेली असते.

आम्ही पलीकडच्या बाजूने उतरायला लागलो. गवत कमरेएवढं होतं. तासाभराने एक ओढा लागला. ओढ्याच्या पलीकडे चुना लावलेला दगड होता, आमच्या हद्दीचा शेवटचा. सोमलाअण्णा पुढे होता. तो दगडापलीकडे जाऊन खाली बसला आणि हात वर केला.

“अक्का, हिकडं या. पाय जपून.”

एका सपाट खडकावर सीताफळाच्या साली होत्या. चार फळांच्या. वाळून काळ्या पडल्या होत्या, पण एकात एक घालून ठेवलेल्या.

“माकड आसं ठेवत न्हाई,” सोमलाअण्णा म्हणाला.

“कोणी गुराखी असेल.”

“गुराखी असंल तर बिया कुटं हायत?”

मी वाकून बघितलं. खरंच, एकही बी नव्हती. माकड असो की गुराखी, सीताफळ खाणारा बिया थुंकतोच. खडकाच्या चारी बाजूंना शोधलं. काळी बी एकसुद्धा नाही.

महादेवने एक साल उचलून बघितली. “बिया आई टाकत न्हाई,” तो म्हणाला. “वाळवून कुटती. गावातल्या पोरींच्या डोस्क्यातल्या उवांना देती. पदरात बांधून घेतल्या असतील तिनं.”

चार दिवसांतली ती पहिली खूण. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून धारेवर परत चढून साहेबांना फोन लावला.

“गुड,” ते म्हणाले. “दगडाच्या अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे, सर.”

साहेब म्हणाले, “मॅडम, पलीकडे आपला युनिफॉर्म चालत नाही. दुसरं राज्य आहे. मी पत्र पाठवतो. त्यांचे लोक बघतील.”

“पत्राला किती दिवस लागतील?”

“प्रोसिजर आहे. आपण सोमवारीच त्यांच्या फॉरेस्ट ऑफिसला फोन केला होता ना? ते नाही म्हणाले होते.”

फोन केला होता, हे खरं. तुमच्या जंगलात कोणी हरवलेली बाई दिसली का, असं विचारलं होतं. नाही म्हणाले.

“सर, मग उद्याची माझी सीएल टाकते.” सीएल म्हणजे कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा.

“कारण?”

“घरगुती.”

साहेबांना कळलं. “साडी नेसून जा,” एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी उजाडताच आम्ही तिघं दगडापाशी होतो. पलीकडच्या गावाला डांबरी रस्त्यानेही जाता येतं, महादेव तेच म्हणत होता. मी नाही म्हणाले. “त्या ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने जायचं. मध्ये कुठे पडल्या असतील तर?” त्यावर तो पुढे झाला. प्रत्येक झुडपामागे आधी तोच बघायचा आणि मान हलवायचा. न्हाई. पुढे चला. असं दोन तास चाललं. त्या दोन तासांत तो एकदाही पाणी प्यायला नाही.

ओढा एका कापसाच्या रानात उतरला. बांधावर एक बाई वेचणी करत होती. सोमलाअण्णाने तेलुगूत विचारलं. ती हातातला कापूस ओटीत टाकून भराभर बोलायला लागली. सोमलाअण्णाचा चेहरा बदलत गेला.

“काय म्हणायलीय?” महादेवने त्याचा दंड धरला.

“सोमवारी दुपारी आलती म्हणं. हितं, ह्या बांधावर बसलती. पाय सुजलता. हातानं पाणी मागितलं. हिनं पाणी दिलं, भाकर दिली. काय बोलायलीय ते कळंना. मग पोरानं फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.”

“जित्ती हुती?”

“बसून गेली म्हणं गाडीत.”

महादेवने त्या बाईच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरकली. मी तिला सोमलाअण्णामार्फत विचारलं, चार दिवस झाले, तुम्ही कोणाला सांगितलं का नाही? ती मलाच उलट म्हणाली, “कोणाला सांगायचं? विचारायला कोण आलं?”

तिथून रिक्षाने आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या क्लार्कला विचारलं, सोमवारी कमळाबाई नावाची बाई आली होती का? त्याने रजिस्टर चाळलं. “कमलम्मा नाही.” हरवलेली बाई? “हरवलेली पण नाही.” बेपत्ता असल्याचा कागद आला होता का? “कुठून?” कर्नाटकातून. तो हसला. आमचा कागद कन्नडमध्ये होता आणि आमच्याच जिल्ह्यांच्या ठाण्यांत फिरत होता.

महादेव परत निघाला होता. मी काउंटर सोडला नाही. रजिस्टर तेलुगूत, मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. एक सिस्टर ड्युटीवर येत होत्या. त्यांना दख्खनीत म्हणाले, “सिस्टर, एक काम करा. सोमवारी आलेल्या साठीच्या पुढच्या सगळ्या बायकांची नावं मोठ्याने वाचा. फक्त नावं.”

सिस्टर वाचायला लागल्या. “अनंतम्मा. लक्ष्मम्मा. नायम्मा. पोचम्मा...”

“थांबा. मागचं नाव?”

“नायम्मा. वय अंदाजे पासष्ट.”

“ही आपलं नाव सांगू शकली का?”

“कुठली सांगते? ती तर मुकी. मुकी म्हणजे, नाव विचारलं तरी ‘नाय, नाय’ एवढंच. घर कुठं, नाय. सोबत कोण, नाय. मग डॉक्टरांनी नायम्मा लिहिलं.”

मी महादेवकडे वळले. “ऐकू आलं नाही तर आई काय म्हणतात?”

“न्हाई,” तो म्हणाला. “न्हाई ऐकू येत, न्हाई.”

सिस्टरना आता सगळं आठवायला लागलं. “तिच्या पदरात काळ्या बिया होत्या, मूठभर. आम्हाला वाटलं, जीव द्यायला निघाली होती. त्या बिया विषारी असतात. पोलिसांना कळवलं, केस केली. घोट्याचं हाड मोडलं होतं म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवलं.”

म्हणजे पोलिसांकडे कागद होता. आमच्या पोलिसांकडे ‘कमळाबाई, हरवली’. त्यांच्या पोलिसांकडे ‘नायम्मा, सापडली’. एकाच बाईचे दोन कागद, दोन लिप्यांत, मध्ये एक ओढा.

मोठा दवाखाना तासाभरावर होता. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक बारीक बाई बसलेली दिसली. पायाला प्लास्टर, कपाळावर मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले. महादेव दारातच थांबला, त्याला पुढे जाववेना. मी डाव्या बाजूने गेले आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले, “अक्का, खजुरीच्या कमळाबाई का तुमी?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “व्हय. मग दुसरं कोन? तू कोनाची?”

“राजेश्वरची.”

“हितं समदे व्हटंच हालवायलेत. एकाचंबी काय कळंना. म्या म्हनलं माझा डावा कानबी गेला का काय.” मग त्यांची नजर दाराकडे गेली. लेक दिसला. “महादेवा, कामून तितं उभारलास? हिकडं ये की.”

तो खाटेपाशी आला आणि चांगल्या पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागला. त्या त्याच्या पाठीवर हात फिरवत मला म्हणाल्या, “ह्याला आदी जेवायला घाल, माय. काय हालत करून घेतलीय.”

डोंगरात रात्र कशी काढली, ते मी नंतर विचारलं. झाडाच्या बुडाला टेकून बसले, म्हणाल्या. भ्या वाटलं नाही का? “वाटलं. पर भिऊन उटून कुटं जाऊ? पाय मोडल्याला.” हाड मोडलेल्या पायाने ही बाई चार किलोमीटर ओढा उतरली होती. माझ्या गार्डांना मी आजही हे सांगते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मी साहेबांना फोन केला. ते दोनदा “व्हेरी गुड” म्हणाले. मग मी म्हणाले, “सर, जुन्या दोन फायली पण काढायच्या आहेत.”

“आता?”

“आत्ता पलीकडेच आहे मी. माझी सीएल संपायला वेळ आहे.”

या वेळी त्यांनी प्रोसिजर काढली नाही. स्वतःच तिकडच्या पोलीस अधिकाऱ्याला फोन लावला, आणि तासाभराने आम्ही ठाण्यात बसलो होतो. बेवारस मृतदेहांचं रजिस्टर समोर. मी पूर्वीचाच प्रश्न उलटा करून विचारला. हरवलेला कोणी आहे का, असं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या ओढ्याकडून कोण कोण आलं?

हवालदाराने एक पान काढलं. पुरुष, अंदाजे सत्तर. ओढ्याच्या तोंडाशी सापडला. ओळख पटली नाही. सोबत चष्मा, डाव्या काडीला काळा दोरा. ती काडी आणि तो दोरा मी पाठ केलेला होता. गुरुपादअप्पांच्या मुलीने तक्रारीत तेच लिहून दिलं होतं.

मुलीचं नाव शांताक्का. बापाचं हॉटेल तीच चालवत होती. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन गेले. फोटो बघितला, चष्मा बघितला. तिने चष्मा हातात घेऊन दोरा सारखा केला. रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “मॅडम, दोन वर्षं झाली, हॉटेल एक दिस बंद ठेवलं न्हाई. अप्पा आले आन कुलूप दिसलं तर, म्हणून. उद्या बंद ठेवते.”

त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. तो माणूस आमच्या फायलीत ‘नो ट्रेस’ होता आणि तिकडे त्याचा फोटोसकट पत्ता होता. जंगलाने काही गिळलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

फोटोग्राफर मात्र सापडला नाही. त्या रजिस्टरमध्ये नाही, दवाखान्यांत नाही. त्याची फाईल मी बंद करू दिलेली नाही. दर उन्हाळ्यात गवत वाळलं की सोमलाअण्णा आणि मी धारेची पलीकडची बाजू एकदा चालून येतो, त्यांच्या गार्डला बरोबर घेऊन. अजून बराच भाग राहिलाय.

साहेबांनी माझी ती सीएल रद्द करून ड्युटी लावली. टॉवरच्या मागे सीताफळांपाशी आता तीन लिप्यांत पाटी आहे आणि कुंपणही आहे. पाटीचा उपयोग थोडा, कुंपणाचा जास्त.

शोधाच्या फॉर्ममध्ये मी एक ओळ वाढवून घेतली. पलीकडच्या दवाखान्यांना फोन करताना ‘कोणी हरवलेलं आलंय का’ असं विचारायचं नाही. ‘कोण आलंय’ असं विचारायचं, आणि नावं मोठ्याने वाचून घ्यायची. नवीन गार्ड या ओळीला हसतात. मी त्यांना हसू देते, पण फोन माझ्यासमोर लावायला सांगते.